आजी आउट, कालनिर्णय शार्प: एका रोलीकॉर्डच्या फोकसचं प्रकरण

जून संपता संपता साताऱ्यातल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला कॅमेरा माझ्याकडे आला. घेऊन आली ती स्टुडिओवाल्यांची नात. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, स्टुडिओच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि कॅमेरा मधल्या काळात माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडून होता. तिने तो खाली काढला, पुसला, १२० चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रुंद फिल्मचे, दोन रोल मागवले, आठवडाभर घरादाराचे फोटो काढले आणि रोल धुवायला पुण्याला पाठवले. निगेटिव्ह हातात आल्या तशी ती थेट माझ्या दारात. "काका, खराब काय आहे? कॅमेरा का मी?"

मी धंद्याने कॅमेरा दुरुस्तीवाला नाही. कारखान्यात तपासणी खात्यात होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे शतांश मिलिमीटर मोजण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर जुने कॅमेरे उघडायचा नाद लागला. उघडलेले बहुतेक परत बंदही झाले आहेत. त्यामुळे ओळखीपाळखीतून असं काही येत राहतं.

कॅमेरा होता रोलीकॉर्ड पाच-ए. जर्मनीत ब्राउनश्वाइगला फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यात १९५७ ते १९६१ या काळात बनलेला. एकावर एक दोन लेन्स असलेला, छातीशी धरून वरून खाली बघायचा तो कॅमेरा. रोलीफ्लेक्स १९२९ मध्ये आला, आणि ज्यांच्या खिशाला तो झेपत नव्हता त्यांच्यासाठी १९३३ पासून रोलीकॉर्ड. आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं होती तेव्हा गावोगावच्या स्टुडिओंत असा एखादा रोलीकॉर्ड, नाहीतर जपानी याशिका, घरातल्या दुभत्या जनावरासारखा सांभाळला जायचा. हाही तसाच सांभाळलेला. चामडं शाबूत, कुठे पोचा नाही, शटरचा एक सेकंद कानाला एक सेकंदच वाटत होता. खालची लेन्स, ७५ मिलिमीटरची एफ ३.५ झेनार (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), टॉर्च मारून बघितली. कडेला बुरशीचा एक पुसट धागा, बाकी स्वच्छ.

आधी निगेटिव्हकडे वळलो. कॅमेरा नंतर. हा माझा हट्टच आहे. फोटो आउट आहे म्हणजे नेमकं काय, हे निगेटिव्ह जितक्या प्रामाणिकपणे सांगते तितकं कॅमेऱ्याचा मालक सांगत नाही.

पहिल्याच पट्टीवर तिची आजी. खिडकीच्या उजेडात खुर्चीवर बसलेली, एफ ४ ला, तीसावा सेकंद. चेहरा असा की वाफाळत्या कपाआडून बघावं. मला वाटलं, हात हलला. भिंग सरकवत गेलो तर आजीच्या मागच्या भिंतीवर कालनिर्णय. त्यावरचे आकडे लख्ख. जाड आकडेच काय, पानाच्या वरच्या बाजूचं महिन्याचं नावसुद्धा वाचता आलं. हात हलला असता तर कालनिर्णयही हललं असतं. लेन्स धुरकटली असती तर सगळंच धुरकट आलं असतं. म्हणजे लेन्स ठीक, शटर ठीक, पोरीचे हातही ठीक. फोकस कुठेतरी पडला होता, फक्त आजीवर पडला नव्हता.

पुढच्या चित्रांत तीच तऱ्हा. फाटकाशी उभा भाऊ आउट, मागची तुळस शार्प. मांजर आउट, मागचं जातं शार्प. आणि गच्चीवरून घेतलेला अजिंक्यतारा, वरच्या टॉवरसकट, सुईने कोरल्यासारखा. चोवीस चित्रांत एकही असं नाही की ज्यात माणसाच्या पुढची वस्तू शार्प आणि माणूस आउट. चूक दर वेळी एकाच बाजूला, मागे. फिल्म नीट सपाट बसत नसेल तर असं होत नाही. तेव्हा एक चित्र बिघडतं, दुसरं बरं येतं, काही नेम नसतो. इथे नेम होता.

"बघताना काचेवर शार्प दिसत होतं ना?" मी विचारलं.

"आजीच्या चष्म्याची काडी मोजता येत होती, काका. फक्त किल्ला नीट दिसत नव्हता. फोकसची गुंडी पार शेवटपर्यंत फिरवली तरी टॉवर धुरकटच. मला वाटलं पाऊस आहे म्हणून."

हे दुसरं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. काचेवर धुरकट दिसलेला टॉवर निगेटिव्हवर सुईने कोरलेला आला होता. एकदा नाही, तीनदा.

आता ज्यांनी असा कॅमेरा हाताळला नसेल त्यांच्यासाठी आतली रचना. वरची लेन्स बघायची, खालची फोटो काढायची. वरच्या लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशात बसवलेल्या आरशावरून वर वळतो आणि हूडच्या, म्हणजे वरच्या उघडणाऱ्या झाकणाच्या, तळाशी असलेल्या घासलेल्या काचेवर चित्र उमटतं. स्टुडिओवाले तिला ग्राउंड ग्लास म्हणतात. खालच्या लेन्सचं चित्र मागे फिल्मवर पडतं. दोन्ही लेन्स एकाच पाटीवर घट्ट बसवलेल्या, गुंडी फिरवली की अख्खी पाटी पुढेमागे होते. सगळी भिस्त एका गोष्टीवर: वरच्या लेन्सपासून आरशामार्गे काचेपर्यंतचा प्रवास आणि खालच्या लेन्सपासून फिल्मपर्यंतचा प्रवास, दोन्ही सारखे हवेत. ते सारखे नसतील तर काच एक सांगते आणि फिल्म दुसरंच लिहून घेते. काच खोटं बोलतेय हे काचेकडे बघून कधीच कळत नाही, कारण तिच्यावर चित्र शार्पच असतं.

या दोन प्रवासांपैकी कुठला बिघडला, हा प्रश्न होता. दुरुस्तीच्या नादात माणसं इथेच घाई करतात आणि पहिल्यांदा लेन्सला हात घालतात. पुढची लेन्स फिरते आहे असं दिसलं की ती फिरवून बघायचा मोह होतो. एकदा ती जागेवरून हलली की मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला, याचा पत्ता लागत नाही. मी स्क्रूड्रायव्हरचा डबा मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला.

बाहेर धो धो पाऊस. घरातच लांब खोलीत जमिनीवर मोजपट्टी पसरली. एका टोकाला स्टँडवर कॅमेरा, लेन्सपासून बरोबर दोन मीटरवर दोरीला चिमट्याने लटकवलेलं वर्तमानपत्र. हूडमधलं भिंग वर काढून, काचेवरची बारीक अक्षरं वाचता येतील इतका फोकस केला. मग गुंडीवरच्या अंतराच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टी म्हणत होती तीन मीटर.

वर्तमानपत्र दीड मीटरवर आणलं, पुन्हा फोकस केला. पट्टी म्हणाली दोन. मग उलटं केलं: गुंडी इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, टेकवली आणि काचेवर काय शार्प दिसतं ते शोधत गेलो. दार उघडून थेट स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं. सापडलं पावणेसहा मीटरच्या जरासं अलीकडे. म्हणजे काचेच्या मते जग तिथे संपत होतं. त्यापलीकडचा अजिंक्यतारा तिला कधी नीट दिसणारच नव्हता.

वहीवर हिशेब मांडला. लेन्सला जवळचं बघायला किती पुढे यावं लागतं ते काढणं सोपं आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले वस्तूच्या अंतरातून फोकल लांबी वजा करून उरलेली संख्या. इथे ७५ चा वर्ग, ५६२५. दोन मीटरसाठी लेन्स २.९२ मिलिमीटर पुढे यायला हवी, तीन मीटरसाठी १.९२. फरक १ मिलिमीटर. दीड मीटरला ३.९५ आणि दोन मीटरला २.९२, फरक पुन्हा एकच्या आसपास. इन्फिनिटीला शून्य, आणि पावणेसहाच्या अलीकडे, ५.७ मीटरला, बरोबर १.

तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं तेव्हा मी चहा टाकला. जागा अजून सापडली नव्हती, पण माप सापडलं होतं. पाटी वाकडी असती तर काचेची एक बाजू शार्प आणि दुसरी आउट दिसली असती. वरची लेन्स कुणी बदलून भलत्याच फोकल लांबीची बसवली असती तर फरक अंतरागणिक बदलत गेला असता. इथे फरक सगळीकडे सारखा, म्हणजे कुठलीतरी एक गोष्ट आपल्या जागेपासून एक मिलिमीटर सरकलेली. आणि एक मिलिमीटर हे कॅमेऱ्याच्या जगात फार मोठं अंतर. आजीच्या निगेटिव्हवर एफ ४ ला या एका मिलिमीटरने प्रत्येक बिंदूचा पाव मिलिमीटर रुंद ठिपका केला होता. ५६ मिलिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हवर ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका डोळा शार्प म्हणून चालवून घेतो. हा त्याच्या पाचपट. एवढी चूक कारखान्यातून बाहेर पडत नाही, झिजून होत नाही, आणि आपटून झाली असती तर बाहेर पोचा दिसला असता. एवढी चूक माणूस करतो.

तरी एक शंका उरत होतीच. पट्टी खरी आणि काच खोटी, असं मी धरून चाललो होतो. उलटही असू शकतं. गुंडी कुणी काढून चुकीच्या जागी बसवली असेल तर पट्टीही खोटं बोलेल. निगेटिव्ह पट्टीच्या बाजूने साक्ष देत होत्या, पण चित्र काढताना पट्टी कुठे होती हे पोरीने लिहून ठेवलेलं नव्हतं.

याच वेळी ती पेटीतलं बाकीचं सामान दाखवत बसली होती. पिवळा फिल्टर, वाळून कडक झालेला चामड्याचा पट्टा, फ्लॅशची वायर, आणि सुतळीची एक गुंडाळी. सुतळी ती टाकूनच देणार होती. मी हातात घेतली तर एका टोकाला नीट गाठ मारून केलेला फास, आणि मध्ये मध्ये लाल दोरा बांधलेल्या गाठी. मोजपट्टी खाली पसरलेलीच होती. गाठी होत्या दीड, दोन, तीन आणि चार मीटरवर.

पोरीने घरी फोन लावला. आजी फोनवर म्हणाल्या, "अगं, ती त्यांची फोटोची दोरी. फास कॅमेऱ्याला अडकवायचे आणि टोक मला धरायला लावायचे. गाठ माणसाच्या नाकाला टेकवायची, मग दोरी सोडायची. नवरीमुलगी हसायची आणि तिची आई रागवायची."

"पहिल्यापासून करायचे?"

"छे! आधी कुठली दोरी? मागाहून काढलं ते खूळ."

स्टुडिओ चालवणारा, आयुष्यभर काचेवर फोकस करणारा माणूस एका दिवसापासून सुतळीने अंतर मोजून पट्टीवर लावायला लागतो, याला कारण असणार. त्यांना काय झालंय ते कळलं नसेल, पण कुणावर भरवसा ठेवायचा नाही ते बरोबर कळलं होतं.

मला मात्र तपासणी खात्याच्या सवयीप्रमाणे फिल्मच्या जागी डोळ्यांनी बघायचं होतं. मागचं दार उघडलं. फिल्म जिथे टेकते तिथे दोन जोड्या पट्ट्या असतात: आतली जोडी फिल्मसाठी, बाहेरची किंचित उंच जोडी मागच्या दाबपट्टीसाठी. तपासायची काच आतल्या जोडीवरच बसली पाहिजे. बाहेरच्या पट्ट्यांवर ठेवली तर सगळं मोजमाप वाया, आणि हे मी माझ्या पहिल्या कॅमेऱ्यावर करून बसलो आहे. माझ्याकडे काचवाल्याकडून मापात कापून, कार्बोरंडमच्या पुडीने घासून दुधी केलेला एक तुकडा आहे. घासलेली बाजू लेन्सकडे करून तो बसवला. तसा तुकडा नसेल तर दुधी रंगाची चिकटपट्टी आतल्या पट्ट्यांवर ताणून लावली तरी काम भागतं. शटर बी वर, म्हणजे दाबलेलं असेतो उघडं राहील असं, केबल रिलीज लावून उघडं ठेवलं, लेन्स पूर्ण उघडी एफ ३.५ ला, आणि मागून भिंग.

खोलीत दोरीवर दर पाव मीटरला एकेक वर्तमानपत्र लटकवलं, जरा तिरकी रांग करून, म्हणजे सगळी एकदम दिसावीत. वरच्या काचेवर दोन मीटरच्या कागदावर फोकस केला आणि मागून बघितलं. दोनचा कागद म्हणजे राखाडी चौकोन. तीनच्या कागदावरचे मथळे वाचता येत होते. आणि गुंडीवरची पट्टी? तीन. पट्टी आणि फिल्म एकमेकांशी सख्ख्या बहिणींसारखं बोलत होत्या. खोटं फक्त वरची काच बोलत होती.

इन्फिनिटी तेवढी तपासायची राहिली, आणि ढगांत अजिंक्यताराच नव्हता. त्यावर एक जुनी युक्ती आहे. फिल्मच्या जागी धुतलेल्या काळ्या फिल्मचा तुकडा, त्यावर सुईने एक ओरखडा, मागून टॉर्च. रोलीकॉर्ड इन्फिनिटीला लावायचा आणि समोरून त्याच्या खालच्या लेन्समध्ये दुसऱ्या कॅमेऱ्याने बघायचं. हा दुसरा कॅमेरा एक लेन्सवाला एसएलआर, त्याला १३५ मिलिमीटरची लेन्स, तीही इन्फिनिटीला. रोलीकॉर्डची इन्फिनिटी खरी असेल तर ओरखडा एसएलआरमध्ये लख्ख दिसतो, कारण त्यातून बाहेर पडणारे किरण अनंतावरून आल्यासारखे समांतर असतात. अट एवढीच, की एसएलआरची स्वतःची इन्फिनिटी आधी एखाद्या स्वच्छ रात्री चांदणीवर तपासून घेतलेली हवी. ओरखडा लख्ख दिसला. खालची लेन्स, पाटी, पट्टी, फिल्मची जागा, सगळं ब्राउनश्वाइगहून निघालं तसंच होतं. आता खालच्या अर्ध्या कॅमेऱ्याला हात लावायचं कारण उरलं नाही.

"म्हणजे वरची लेन्स उघडायची?" पोरीचा चेहरा उतरला. तिने कुठेतरी वाचलं होतं की त्यासाठी पुढचं चामडं सोलावं लागतं.

मी कॅमेरा ट्यूबलाइटखाली नेला, हूड उघडलं आणि काच तिरकी धरून तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब शोधलं. घासलेल्या काचेला दोन बाजू असतात, एक दुधी, एक गुळगुळीत. दुधी बाजू खाली, आरशाकडे असते. गुळगुळीत बाजू वर, आपल्या डोळ्यांकडे. त्यामुळे वरून बघितलं की ट्यूबलाइट आरशासारखी काठ धरून दिसायला हवी. इथे दिसला फक्त एक पसरट पांढरा पट्टा, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात दिसावा तसा. हूडमधून करंगळी घालून काचेच्या अगदी कोपऱ्यात ओलसर बोट टेकवलं. बोट टेकलं तेवढा ठिपका पारदर्शक झाला. काच उलटी बसली होती.

तरी मापाने खात्री होईपर्यंत मन मानेना. हूडचे स्क्रू काढले, हूड अलगद उचललं, काच दाबून धरणारी चौकट सैल केली आणि काच कागदात धरून बाहेर घेतली. मायक्रोमीटर लावला तर १.५ मिलिमीटर. काच खालच्या कठड्यावर टेकून बसते. दुधी बाजू खाली असली की चित्र बरोबर कठड्याच्या पातळीत उमटतं. उलटी बसवली की दुधी बाजू काचेच्या जाडीइतकी वर जाते. मग चूक दीड मिलिमीटरची यायला हवी होती, आपल्याकडे एकच कशी आली? कारण मधला दीड मिलिमीटर हवेचा नाही, काचेचा आहे. काचेत शिरलेले किरण कमी वेगाने एकत्र येतात; पाण्यातलं नाणं वर आल्यासारखं दिसतं तोच प्रकार. काचेचा अपवर्तनांक साधारण दीड. दीड भागिले दीड, एक. पोरीने माझ्या वहीतला सकाळचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी बघितला आणि म्हणाली, "हे शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर!"

उघडलंच होतं तर आरसाही बघून घेतला. या कॅमेऱ्यांतला आरसा घरच्या आरशासारखा नसतो. चांदीचा थर काचेच्या मागे नाही, पुढे असतो, उघडा. मागे थर असलेला साधा आरसा बसवला की एका रेषेच्या दोन दिसतात आणि फोकसही सरकतो. जुन्या बाजारातल्या कॅमेऱ्यांत आरसेवाल्याकडून कापून आणलेला असा तुकडा हमखास सापडतो. इथे आरसा मूळचाच होता, पण त्यावर गोल गोल फिरवलेल्या रुमालाच्या रेघा होत्या. ज्याने काच उलटी बसवली त्याचाच रुमाल असावा. फुंकणीने धूळ उडवली आणि आरशाला तसंच सोडून दिलं. उरलाय तो थर पुसायच्या हौसेने घालवण्यात अर्थ नाही.

काच कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशने धुतली. स्पिरिट मुद्दाम वापरलं नाही, काचेवर आखलेल्या रेघा कशाने आखल्यात त्याची खात्री नव्हती. दुधी बाजूला फडकं लावायचं नाही, धागे अडकतात. काच कडेवर उभी करून वाळू दिली, दुधी बाजू खाली करून बसवली, चौकट, हूड, स्क्रू. दोन मीटरवर वर्तमानपत्र. काचेवर फोकस, पट्टीवर दोन. पोरीने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या जरा लवकर झाल्या. मला सवय आहे म्हणून मी चारही कोपऱ्यांत फोकस बघितला. तीन कोपरे बरोबर, चौथा, उजवीकडचा मागचा, सुमारे दहा सेंटिमीटर चुकत होता. इतका वेळ हे दिसलं कसं नाही? एक मिलिमीटरच्या गदारोळात ते दडलं होतं आणि मी आधीची सगळी मापं काचेच्या मधोमध घेतली होती. माझीच ढिलाई. पुन्हा हूड काढलं. कठड्याच्या त्या कोपऱ्यात पारदर्शक, काचेसारखाच कडक झालेला एक थेंब. फेविक्विक. काच हलू नये म्हणून कुणीतरी टाकलेला. पहिल्या वेळी काच काढताना ती तिथे किंचित अडकल्यासारखी वाटली होती आणि मी ते गंजावर ढकललं होतं. बांबूची काडी तासून, भिंगाखाली, अर्धा तास खरवडून थेंब निघाला. ब्लेडने पाच मिनिटांत निघाला असता, पण कठड्यावर ओरखडा पडला असता आणि त्या कठड्यावरच तर सगळं तोललेलं आहे. काच परत बसवली. चारही कोपरे एका पातळीत.

वरची लेन्स मी शेवटपर्यंत उघडली नाही. फिल्मच्या जागेवरून पुन्हा तपासलं तर दोन मीटरला जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक उरला होता. वरची लेन्स केसभर फिरवून तोही काढता आला असता. काढला नाही. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी दोन मीटरवर त्याच्या कितीतरी पट जागा शार्प येते, आणि साठ वर्षांपूर्वी कारखान्यात आवळलेला स्क्रू दोन सेंटिमीटरसाठी सैल करायचा नसतो. इतरांचं मत वेगळं असेल.

आता राहिला प्रश्न, कधी आणि कुणी. याची गरज नव्हती, पण पोरीला चैन पडेना. पुढच्या रविवारी ती स्टुडिओच्या निगेटिव्हचे खोके घेऊन आली. आजोबांचं काम शिस्तीचं, प्रत्येक पाकिटावर तारीख. आम्ही मागून पुढे बघत आलो. १९९४ च्या दिवाळीपर्यंतचे चेहरे शार्प. १९९५ च्या लग्नसराईतले चेहरे आउट, मागचे मांडवाचे खांब शार्प, तेच आपलं आजी आणि कालनिर्णय. ग्रुप फोटो मात्र त्यातल्या त्यात बरे, कारण ते उन्हात एफ १६ ला काढलेले. त्या एका हंगामात गिऱ्हाइकांची किती बोलणी खाल्ली असतील कोण जाणे. आणि मग त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर चेहरे पुन्हा शार्प, पण एक गंमत: सगळी माणसं ठरावीक दोनच आकारांची. कुणी जरा जवळ नाही, कुणी जरा लांब नाही. एकतर दोन मीटर, नाहीतर तीन. सुतळीच्या गाठी निगेटिव्हवर दिसत होत्या.

जमाखर्चाच्या वहीत फेब्रुवारी १९९५ मध्ये एक ओळ सापडली: "क्यामेरा सफाई, रु. १२५." कुणाकडे, ते लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी इथे सांगितलं नसतं. काच धुऊन परत ठेवताना कुठली बाजू खाली, हे डोळ्यांना पटकन कळत नाही. मी स्वतः एका याशिकाची काच अशीच उलटी बसवली होती आणि तासभर लेन्सला दोष देत बसलो होतो. त्याच वहीत एप्रिलमध्ये अजून एक ओळ होती: "चष्मा नवीन नंबर, रु. ३४०." पोरगी ती ओळ बराच वेळ बघत राहिली. मग तिने वहीचा मोबाइलवर फोटो काढला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिने नवा रोल भरला. पहिलं चित्र तिला आजीचंच काढायचं होतं, त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीशी, एफ ४ ला. मी बरोबर गेलो होतो. तिने काचेवर आजीच्या चष्म्याच्या काडीवर फोकस केला आणि शटर दाबणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं, दोरी?"

सुतळी पिशवीत होतीच. फास कॅमेऱ्याच्या कडीला अडकवला, आजींनी सवयीने टोक पकडून लाल गाठ नाकाला टेकवली. गाठ दोन मीटरची. पोरीने गुंडीवरची पट्टी वाचली.

"दोन," ती म्हणाली. आजींनी दोरी सोडली आणि पदर सारखा केला.